पाचव्या वहीचा निकाल

आक्का मुंबईला गेली नाही, त्याला कारण मी. बोट चुकली नाही, वादळ आलं नाही, घरात कोणी आजारी पडलं नाही. एका संध्याकाळी पाच माणसांसमोर मी तीन-चार वाक्यं बोलले, एवढंच झालं. ती बोलले नसते तर आक्का गेली असती. हे लिहायला बसले की आधी हात जड होतो आणि मग कंटाळा येतो. स्वतःच्या मूर्खपणाचाही माणसाला कंटाळा येतो, हे वय झाल्यावर कळतं.

गोवा मोकळा झाला त्यानंतरच्या दोन-तीन वर्षांतली ही गोष्ट. आमचं गाव मिठबावच्या अलीकडे, समुद्राला लागून. जिल्हा तेव्हा रत्नागिरी. मी गावातल्या शाळेत मास्तरीण होते आणि घरी आम्ही दोघीच, मी आणि माझी मोठी बहीण. आक्का माझ्याहून आठ वर्षांनी मोठी. बाविसाव्या वर्षी विधवा होऊन माहेरी आली ती कायमची. वडिलांना बुद्धिबळाचं वेड होतं. सावंतवाडीच्या एका मित्राशी ते पोस्टकार्डांवरून डाव खेळायचे, एक डाव वर्ष-दीड वर्ष चाले. पुढे वडिलांची दृष्टी गेली तेव्हा कार्डं वाचायची, सोंगट्या हलवायच्या आणि उत्तर लिहायचं काम आक्काकडे आलं. मी तेव्हा ट्रेनिंग कॉलेजात होते, त्यामुळे माझ्या वाट्याला फक्त कार्ड पेटीत टाकणं यायचं, तेही सुट्टीत. वडील वारले तेव्हा एक डाव अर्धा होता. आक्काने मित्राला लिहिलं की वडील गेले, पण डाव राहिला आहे, मी पुरा करू का. त्यांनी होकार कळवला. तो डाव आक्का जिंकली. हे गावात कोणाला माहीत नव्हतं आणि मलाही त्यात काही विशेष वाटलं नव्हतं.

आमच्या वाचनालयाला मुंबईच्या एका देणगीदारांचं पत्र आलं तिथून सगळं सुरू झालं. ते मूळचे आमच्या गावचे. त्यांनी लिहिलं होतं की मुंबईत विजेवर चालणारं एक गणितयंत्र आलं आहे, खोलीभर मोठं. त्याला नीट सूचना लिहून दिल्या तर ते बुद्धिबळसुद्धा खेळेल, असं तिथले प्रोफेसर म्हणतात. तेव्हा वाचनालयाने एक स्पर्धा घ्यावी. बुद्धिबळ कसं खेळायचं याच्या सूचना प्रत्येकाने वहीत लिहाव्यात, पण अशा की ज्याला खेळ अजिबात येत नाही त्याने नुसती वही वाचून खेळावं. ज्याची वही सर्वांत चांगली चालेल त्याला देवगडहून बोटीने मुंबईला नेऊन ते यंत्र दाखवू, आमच्याच घरी उतरवू.

हे पत्र मी घरी वाचून दाखवलं. आक्का तांदूळ निवडत होती. तिने विचारलं, "त्या यंत्राक आपण सांगू ता सगळा कळता?"

"सांगितलं तेवढंच कळतं म्हणे," मी म्हटलं.

"मगे बरा आसा. माणसांक न सांगलेलाय कळता." आणि एक खडा वेचून टाकत म्हणाली, "बोटीत बसाक होया होता माका एकदा."

एरवी आक्काने 'मला हवं' असं काही म्हटल्याचं मला आठवत नाही, त्याआधीही नाही आणि नंतरही नाही. कुणकेश्वराच्या जत्रेपलीकडे तिचा प्रवास नव्हता. आमच्या पडवीतून देवगडची बोट जाताना दिसायची. तिचा धूर दिसेनासा होईपर्यंत आक्का हातातलं काम थांबवून बघायची आणि मी तिला हाक मारली तर रागवायची. हे सगळं मला माहीत होतं. तरी त्या दिवशी मी फक्त 'हं' म्हटलं आणि वह्या तपासायला घेतल्या.

स्पर्धेसाठी यंत्र हवं होतं. मुंबईचं इथे येणार नव्हतं, म्हणून ते काम माणसाने करायचं ठरलं. गावात बुद्धिबळ येत नाही पण वाचता नीट येतं, असं माणूस शोधता शोधता समिती माझ्यापाशी आली. मला सोंगट्यांची नावं आणि चाली तेवढ्या ठाऊक होत्या, डावातलं काही कळत नव्हतं. अशी मी यंत्र झाले. गावात चार दिवस लोकांना चेष्टेला विषय मिळाला. मासे विकायला येणारी बाईसुद्धा विचारायची, "काय गो यंत्रा, बांगडे घेतलंस?"

पाच वह्या आल्या. अक्षर ओळखू येऊ नये म्हणून पोस्टातल्या कारकुनाने सगळ्या पुन्हा एका हाताने उतरवून काढल्या आणि त्यांवर आकडे घातले. नावं बंद पाकिटांत. दर रविवारी दुपारी एक वही. समोर वाचनालयाचे अध्यक्ष बसायचे. ते वकील होते आणि पंचक्रोशीत त्यांना हरवणारा कोणी नव्हता. ते खेळी करायचे, मी वही वाचून उत्तर द्यायचं. जी वही त्यांच्यापुढे जास्त टिकेल ती श्रेष्ठ.

आणि एक नियम होता. तोच पुढे नडला. स्पर्धा फक्त हौशी माणसांसाठी. 'ज्यास अशा कामाचा मोबदला मिळतो वा पूर्वी मिळालेला आहे त्यास भाग घेता येणार नाही.' हा नियम कोणासाठी घातला ते सगळ्या गावाला कळलं होतं. आमच्याकडे मुंबईचा एक चाकरमानी छातीच्या दुखण्याने सहा महिन्यांच्या रजेवर आला होता. तो एका कंपनीत भोकं पाडलेल्या कार्डांच्या यंत्रांवर कामाला होता. यंत्राला काय सांगायचं आणि कसं, हेच त्याचं पोट. त्याने भाग घेतला तर बाकीच्यांनी घरी बसावं, असं लोकांना वाटे. त्याला आधीच नाही म्हणून सांगण्यात आलं. पण दुसऱ्याच्या नावाने त्याने वही घातली असेल, असा संशय पहिल्या दिवसापासून होता.

पहिल्या चार रविवारांबद्दल फार लिहायचं बळ नाही. पहिली वही आमच्या हेडमास्तरांची असावी, कारण तिच्यात पहिली सात पानं बुद्धिबळाच्या थोर परंपरेवर होती आणि सूचना शेवटच्या दीड पानात. शिवाय त्यांनी पुस्तकातला खेळ धरला होता आणि अध्यक्ष देशी खेळत. प्यादं पहिल्या खेपेला दोन घरं चालतं की एकच, यावर तासभर वाद झाला. मी हात मांडीवर ठेवून बसून होते. यंत्राने मत द्यायचं नव्हतं. दुसऱ्या वहीत प्रत्येक सूचनेच्या शेवटी 'हे उघडच आहे' असं होतं. उघड काहीच नव्हतं. अकराव्या खेळीला मात.

तिसरी वही एका देवभोळ्या म्हाताऱ्यांची. ती त्यांचीच हे नाव न उघडता सगळ्यांना कळलं, कारण तिच्यात लिहिलं होतं, 'दोन चालींत संशय आल्यास कौल घ्यावा. उजवा पडल्यास पहिली चाल, डावा पडल्यास दुसरी.' आता वाचनालयात कौल घ्यायचा कसा? कोणी म्हणालं गुरवाला बोलवा. त्यावर अध्यक्षांनी हरकत घेतली की गुरवाला कौल लावण्याचा मोबदला मिळतो, म्हणजे तो धंदेवाईक झाला. शेवटी भिंतीवरच्या गणपतीच्या तसबिरीच्या काचेवर तुळशीची दोन पानं ओली करून चिकटवायची आणि कोणतं आधी पडतं ते बघायचं, असं ठरलं. हवा दमट. पानं पडतच नव्हती. त्या दिवशी पाय सुजले माझे. पण देवाच्या दयेने ती वही एकतिसाव्या खेळीपर्यंत टिकली. चौथीबद्दल काही आठवत नाही, बहुतेक मी मधे डुलकी घेतली.

पाचव्या रविवारी मी अगदीच शिणून गेले होते. आठवडाभर शाळा, वर हा उपद्व्याप. पाचवी वही उघडली तर पहिलं वाक्य होतं, 'यंत्राने आधी नीट टेकून बसावं.'

पुढे असं होतं की पट मांडताना एक कड समुद्राकडे आणि एक डोंगराकडे येईल असा मांडावा. मग सगळ्या वहीत डावा-उजवा हा शब्दच नाही. समुद्राकडचा हत्ती, डोंगराकडचा घोडा, असं. मला लहानपणापासून डावं-उजवं पटकन कळत नाही. जेवताना हात बघून ठरवते. समुद्र मात्र कुठल्या बाजूला आहे हे आमच्याकडे झोपेतसुद्धा कळतं. पान उलटायच्या जागी लिहिलेलं होतं, 'मागच्या पानाची शेवटची ओळ पुन्हा वाचावी, एक ओळ गाळण्याचा संभव आहे.' मी खरंच गाळली होती. सूचना लहान लहान होत्या, एका वेळी एकच बघायला सांगणाऱ्या. आधी आपला राजा बघ. कोणी त्याच्यावर आहे का? नसेल तर पुढच्या ओळीवर जा. आणि दर दहा खेळ्यांनंतर एक सूचना: 'यंत्राने उठावं. भांडंभर पाणी प्यावं. सोंगट्या मोजाव्यात. मग बसावं.'

नियमाप्रमाणे वहीत असेल ते मी करायचंच होतं. मी उठले, माठातलं पाणी प्यायले, सोंगट्या मोजल्या, बसले. अध्यक्ष चुळबुळ करत राहिले. त्या दिवशी पहिल्यांदा माझं डोकं दुखलं नाही. चाळीस खेळ्या झाल्या, पन्नास झाल्या. मला डाव समजत नव्हता, पण अध्यक्षांच्या कपाळावरचा घाम समजत होता. दिवेलागणीला त्यांनी हात पुसले आणि बरोबरी मान्य केली. बघायला आलेली माणसं उठून उभी राहिली. वहीची शेवटची तीन पानं तशीच राहिली होती.

मग समिती आतल्या खोलीत बसली आणि मला बोलावलं. अध्यक्ष कचेरीतल्या भाषेत म्हणाले, "बाई, पाचही वह्या तुम्ही चालवल्या आहेत. ही पाचवी हौशी माणसाची वाटते का तुम्हाला? आम्हाला शंका आहे. तुम्ही म्हणाल तसं करू."

मी 'मला काय कळतं' म्हणून सुटू शकले असते. एरवी म्हटलंही असतं. पण त्या पाच पुरुषांनी मला कधी काही विचारलं नव्हतं. शाळेच्या सभेतसुद्धा मी चहाच्या कपांपुरती. आता माझ्या शब्दावर निकाल लागणार होता आणि मला ते आवडलं. खोटं कशाला सांगू, खूप आवडलं. मी म्हटलं, "हौशी माणूस स्वतःच्या हुशारीसाठी लिहितो. वाचणाऱ्याचं काय होईल ते तो बघत नाही. बाकीच्या चारही वह्या तशा आहेत. ही पाचवी ज्याने लिहिली त्याला यंत्र कुठे दमतं, कुठे चुकतं ते आधीच ठाऊक आहे. पोटासाठी वर्षानुवर्षं हे काम केल्याशिवाय असं लिहिता येत नाही."

सगळ्यांनी माना डोलावल्या. कोणीतरी म्हणालं, बाईंनी नेमकं सांगितलं. ठराव लिहिला गेला, पाचवी वही बाद. बाद वहीचं पाकीट उघडायचं नाही, उगाच कोणाची शोभा नको, असंही ठरलं. चाकरमान्याचं नाव कोणी घेतलं नाही, नुसते हसले. तिसरी वही पहिली आली. पाचवी वही आता कोणाच्या उपयोगाची नव्हती, म्हणून मी मागून घेतली आणि पिशवीत टाकली.

घरी आले तेव्हा आक्का तुळशीपुढे दिवा लावून उंबऱ्यातच बसली होती. अशी ती कधी बसत नसे. मी चपला काढायच्या आत तिने विचारलं, "काय झाला?"

"कौलवाले जिंकले."

"आणि पाचवी?"

"बाद केली. धंदेवाईकाची निघाली."

"कोणी सांगल्यान?"

"मीच सांगितलं," मी म्हटलं, आणि आवाजात जरा तोरा होता, तो मला अजून ऐकू येतो.

आक्काने पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं. मग उठली आणि चुलीकडे जाता जाता म्हणाली, "पाणी प्यालंस मा पण, दर दहाक?"

पाण्याची गोष्ट मी तिला सांगितली नव्हती. वर्षानुवर्षं मी शाळेतून घरी येऊन पाय दुखतात, डोकं दुखतं, पाण्याचीसुद्धा कोणी आठवण करत नाही म्हणून कुरकुरत होते, ती ऐकत होती. डावं-उजवं, गाळलेली ओळ, टेकून न बसण्याची माझी खोड, हे सगळं ज्याला माहीत आहे असं जगात एकच माणूस होतं. आणि मला ते वाचताना मुंबईचा कोणी पगारी माणूस आठवला. मी रडले. तिने मला पेज वाढली.

दुसऱ्या दिवशी शाळेआधी मी अध्यक्षांकडे गेले. पाचवी वही माझ्या बहिणीची आहे, तिने आयुष्यात कशाचाच मोबदला घेतलेला नाही, असं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकलं. मग म्हणाले, "आणि यंत्र तुम्ही होता. लोक काय म्हणतील याचा विचार करा. शिवाय ठराव तुमच्याच शब्दावर झाला आहे." त्यात चुकीचं काही नव्हतं.

तिथून मी चाकरमान्याच्या घरी गेले. वाटलं, त्याने सांगितलं तर ऐकतील. तो अंगणात उन्हाला बसला होता. त्याने वही पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचली, मधे दोनदा खोकला आला तेव्हा थांबला. म्हणाला, "बाईनू, ह्या आमच्या धंद्यातला काम न्हय. आमच्या हापिसात यंत्राक पाणी पी म्हणान कोण लिवणा नाय. लिवल्यान तर साहेब घराक धाडतलो." तो माझ्याबरोबर अध्यक्षांकडे यायलाही तयार झाला. आला, बोलला. ठराव झालेला होता. त्याला तरी किती ओढायचं, चार पावलं चालला की धाप लागायची. मी सोडून दिलं. मी तेव्हा भांडायला हवं होतं. पण खरं सांगते, मला भांडायचा कंटाळा आला होता.

कौलवाले म्हातारे देवगडहून बोटीत बसले. ती बोट गेली तेव्हा आक्का मागच्या दारी भांडी घासत होती. पडवीत आली नाही. पुढेही बोट दिसली तर ती बघायची नाही. काही वर्षांनी ती बोटही बंद झाली.

म्हातारे परत आल्यावर दोन-तीन दिवसांनी आमच्याकडे मुद्दाम सांगायला आले. यंत्राच्या खोलीत जाताना वहाणा काढायला लावल्या, म्हणून त्यांनी यंत्राला नमस्कारही केला होता. आक्का पुढ्यात बसून बारीकसारीक विचारत होती. त्यात राग नव्हता, असता तर मला बरं वाटलं असतं. म्हातारे म्हणाले, "तापता गो ता. म्हणान खोलयेत गार वारो सोडून ठेवतत."

"तापता?" आक्का म्हणाली. "म्हणजे दमता म्हणा." तिने माझ्याकडे बघितलं नाही आणि त्यांच्यासाठी चहा टाकायला उठली.

पुढे मी पुष्कळदा म्हटलं, एस.टी.ने जाऊ, मी नेते, सुट्टी आहे. ती म्हणायची, "आता कित्याक? ता यंत्र आता जुना झाला असतला." माफी मी एकदाच मागितली. तिने मला मीठ संपलंय म्हणून दुकानात पाठवलं.

आता वडिलांसारखीच आक्काची दृष्टी गेली आहे. त्यांच्या सावंतवाडीच्या लाखेच्या सोंगट्या अजून आहेत, रंग उडालेल्या. दुपारी ती पडवीत टेकून बसते आणि मी पट मांडते, एक कड समुद्राकडे, एक डोंगराकडे. तिच्या खेळ्या ती तोंडाने सांगते आणि मी सोंगटी हलवते. माझ्या खेळ्या मी पाचव्या वहीतून वाचून करते, कारण डाव मला अजून येत नाही. म्हणजे आक्काच आक्काशी खेळते आणि मी मधे यंत्र. ती शेवटची तीन पानं आम्ही वाचली, त्यांत विशेष काही नाही, राजा सांभाळून कसा न्यावा एवढंच आहे. ती खेळ्या मनात मोजते. मी वही बघायच्या आधीच तिचा आवाज येतो, "दहा झाले. ऊठ, पाणी पी."

मी उठते.